शून्य रुपयाचं तिकीट

कार्तिकात चार दिवस बेंगळूरला जाऊन आले. निमित्त भाचीला भेटण्याचं, पण काम वेगळंच होतं. निघताना अक्कानं पिशवीत कुंद्याचा डबा, शेंगा चटणी, कडक भाकऱ्या आणि लोणच्याची बरणी भरली. पिशवीची नाडी आवळता आवळता ती म्हणाली, "तू बोललीस तर ऐकेल बघ ती. तूच पाठवलीस न्हवं तिला? आता तूच घेऊन ये."

यावर बोलायला मला तोंड नव्हतं. जून २०२३ मध्ये ही पोर बी.कॉम. होऊन, व्हाइटफील्डच्या एका कंपनीत हिशेब विभागात नोकरी लागल्याचं पत्र घेऊन घरी आली, तेव्हा दाजी दोन दिवस जेवायला नीट बसले नव्हते. एकुलती एक मुलगी. एवढ्या लांब, एकटी! त्यांची समजूत मीच घातली होती. माझा स्वतःचा एक जुना हिशेब त्यात होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. धारवाडला एम.ए. झाल्यावर मलाही बेंगळूरच्या एका संस्थेचं बोलावणं आलं होतं. "एकटी कुठं राहणार?" हा एक प्रश्न वडिलांनी विचारला आणि विषय संपला. पुढं इथंच कॉलेजात लागले, सगळं चांगलंच झालं. पण भाचीच्या वेळी तोच प्रश्न दाजींच्या तोंडून ऐकला आणि मला गप्प बसवेना.

मग गेल्या उन्हाळ्यात दाजींच्या छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून अक्काचं एकच पालुपद, पोर घरी पाहिजे. तुम्हीच सांगा, यात तिचं काय चुकलं?

गुरुवारी संध्याकाळी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसले. इतिहास शिकवते, त्यामुळं डोक्यात नको ते विचार येतात. गाडीला नाव कित्तूरच्या राणीचं आणि सकाळी ती थांबते त्या स्टेशनाला नाव तिच्या संगोळ्ळी रायण्णाचं. त्याला १८३१ मध्ये फाशी दिली ती आपल्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला. म्हणजे आपल्या जिल्ह्यातली दोन माणसं रोज हजारो जणांना बेंगळूरला नेऊन पोचवतात, आणि उतरल्यावर रिक्षावाला विचारतो, "नीवु हुब्बळ्ळियवरा?" धारवाडच्या वर कुठूनही या, तिथं सगळे हुबळीचेच.

भाची फलाटावर उभी होती. वाळलेली वाटली. अक्काला सांगायची पहिली गोष्ट मी मनात टिपून ठेवली. पण पिशवी तिनं माझ्या हातातून अशी घेतली आणि गर्दीतून मला अशी काढली, की मला वाटलं पाहुणी मी आहे हे ठीक, पण लहानही मीच आहे.

ती मल्लेश्वरमला राहते. एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर पी.जी. आहे, एका खोलीत तिघी. हे तिचं तिसरं घर. पहिलं व्हाइटफील्डलाच, ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर होतं. सोयीचं म्हणून दाजींनीच पसंत केलेलं. २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळूरला पाण्याचं जे हाल झालं ते आपण पेपरात वाचलं. शहराच्या कडेची ही नवी वस्ती बोअरवेल आणि टँकरवर जगते. बोअर आटल्या तेव्हा माणशी दोन बादल्या पाणी, आणि तेही पहाटे साडेचारला. ही पोर उठून रांगेत उभी राहायची. आम्हाला एका शब्दानं बोलली नाही. दुसऱ्या घराच्या मालकानं सोडताना अनामत रक्कम बुडवली, तेही मला आत्ता कळलं. मग तिनं स्वतःच ठरवलं की राहायचं ते जुन्या गावात. तिथं पाणी आहे, फूलवाल्या आहेत, रात्री नऊला रस्त्यावर म्हातारी माणसं फिरायला निघालेली असतात. ऑफिस लांब पडलं तर पडू दे.

ते किती लांब, ते मी शुक्रवारी तिच्याबरोबर जाऊन पाहिलं. सकाळी पावणेसातला निघालो. चालत संपिगे रोडचं मेट्रो स्टेशन. संपिगे म्हणजे आपला सोनचाफा, रस्त्याचं नावच चाफ्याचं. तिथून एकच स्टेशन, मॅजेस्टिक. हिरवी आणि जांभळी अशा दोन्ही गाड्या जमिनीखाली तिथं एकावर एक भेटतात. सरकत्या जिन्यावर माणसांचा जो लोंढा असतो त्यात मी दोनदा चुकले. ही मागं न बघता सांगत होती, "मावशी, उजवीकडं उभी राहा. डावी बाजू धावणाऱ्यांची." पहिला डबा बायकांचा. त्यात उभं राहायलाही जागा शोधावी लागते, पण श्वास मोकळा घेता येतो. कुणी डबा उघडून इडली खातंय, कुणी उभ्या उभ्या केस विंचरतंय, एक मुलगी पुस्तकात खुणा करत परीक्षेचा अभ्यास करत होती. गाडी कब्बन पार्कपर्यंत बोगद्यातून जाते आणि मग वर उजेडात येते. एम.जी. रोडच्या आधी एकदम ऊन डब्यात आलं, तेव्हा भाचीनं मान वर केली. रोज त्या वेळी करते म्हणे. पुढं इंदिरानगर, बैयप्पनहळ्ळी, के.आर. पुरम करत शेवटच्या स्टेशनापर्यंत जवळपास तास जातो. ही जांभळी लाइन २०११ मध्ये सुरू झाली तेव्हा एम.जी. रोड ते बैयप्पनहळ्ळी एवढीच होती. सलग चल्लघट्टपासून व्हाइटफील्डपर्यंत धावायला ऑक्टोबर २०२३ उजाडावा लागला. त्याआधीचे चार महिने ती बसनं आणि रिक्षानं रोज कशी धक्के खायची, ते तिनं हसत हसत सांगितलं. मी हसले नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्रोचं जास्तीत जास्त भाडं ६० रुपयांवरून ९० रुपयांवर गेलं. तेव्हापासून हिचं एक गणित ठरलेलं. पंचवीस तारीख उलटली की सकाळी मेट्रो आणि संध्याकाळी काडुगोडीहून मॅजेस्टिकची बस. वेळ दोन तास, पैसे शून्य. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारच्या साध्या बसमधून फुकट प्रवास आहे, हे तुम्हा वाचकांना मी सांगायला नको. हिची नोकरी आणि ती योजना एकाच महिन्यात सुरू झाली. कंडक्टर आधार कार्ड बघतो आणि शून्य रुपयाचं तिकीट फाडून हातात देतो. ते घ्यायचंच, जपून ठेवायचं. हिनं पहिलं तिकीट पाकिटात अजून ठेवलंय.

गंमत पुढंच आहे. हिच्या खोलीतली एक मुलगी चंदगडची. चंदगड आपल्याला घराशेजारी, तासाभराचा रस्ता. दोघींचं बोलणं एक, दोघींच्या घरातली आमटी एका चवीची. पण बसमध्ये चंदगडचं आधार कार्ड दाखवलं की पूर्ण तिकीट. पहिल्यांदा दोघी एकत्र चढल्या तेव्हा कंडक्टरनं एकीला शून्याचं आणि दुसरीला पैशांचं तिकीट दिलं. चंदगडची म्हणाली, "असू दे, आमच्या एस.टी.त मला अर्धं तिकीट आहे." तिकडं मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं भाडं. हद्द कुठून जाते यावर आपण सत्तर वर्षं भांडतोय. या पोरींना ती कंडक्टरच्या हातातल्या तिकिटावर दिसते, आणि नंतर उसाचा रस दोघी अर्धा अर्धा पितात.

भाषेचंही तसंच. ऑफिसात पुण्याच्या दोन मुली आहेत. ही "मी येतो गं" म्हणाली की त्या फिसकन हसायच्या. आपल्याकडं बायका "येतो, जातो" म्हणतात यात आपल्याला काही वावगं वाटत नाही, पण त्यांना वाटायचं की ही मराठी शिकलीय कुठं! कन्नड बोलायला गेली की तिकडच्या मुली हसायच्या. आपलं "बर्री, होग्री" त्यांना सिनेमातल्या गावंढळ पात्रासारखं वाटतं. म्हणजे घरात दोन भाषा घेऊन वाढलेल्या पोरीच्या दोन्ही भाषा तिथं चुकीच्या ठरल्या. पहिले सहा महिने ती ऑफिसात इंग्रजीतच बोलायची म्हणे, आणि जेवायला एकटी बसायची. फोनवर मात्र आम्हाला सांगायची, "मस्त चाललंय."

"मग कसं जमलं?" मी विचारलं.

"एकदा एक वसुली अडकली होती," ती म्हणाली. हुबळीचा एक व्यापारी बिलाचे पैसे देत नव्हता. इंग्रजी पत्रांना उत्तर नाही, बेंगळूरच्या गोड कन्नडला दाद नाही. साहेबांनी हिला फोन लावायला सांगितला. हिनं आपल्या पद्धतीनं "एन्री, हॅंग मॅडूदरी हिंग" सुरू केलं. पाच मिनिटांनी तिकडून विचारणा झाली, "यावूरव्वा तंगी?" कुठल्या गावची गं बहिणी? पैसे तिसऱ्या दिवशी आले. त्यानंतर सोलापूर-कोल्हापूरचे व्यापारी आले की फोन हिच्याकडं, विजापूर-बागलकोटचे आले की हिच्याकडं. पुण्याच्या मुली अजून हसतात, पण आता ही मुद्दाम "येतो" म्हणते.

हे सगळं गोड गोड सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. एका पावसाळी रात्री रिक्षावाल्यानं जास्त पैशांवरून हुज्जत घालून तिला मध्येच उतरवलं होतं. गुडघाभर पाणी, फोनची बॅटरी संपत आलेली. दुसऱ्या एका वेळी एक माणूस स्टेशनापासून मागं मागं येत होता. ही खोलीकडं न वळता सरळ आठव्या क्रॉसवरच्या फूलवालीपाशी गेली आणि तिच्या शेजारी पाटावर बसून अर्धा तास शेवंतीच्या कळ्या निवडत राहिली. फूलवालीनं काही विचारलं नाही. उठताना फक्त म्हणाली, रोज इकडूनच जात जा. ही रोज तिकडूनच जाते. मी होते त्या चार दिवसांत त्या बाईनं मलाही एकदा बळेच गजरा दिला, पैसे घेतले नाहीत.

रविवारी काडु मल्लेश्वराच्या देवळात गेलो. काडु म्हणजे रान, रानातला मल्लेश्वर. रान आता औषधालाही नाही. १८९८ च्या प्लेगनंतर जुन्या पेठांतली गर्दी कमी करायला मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या दोन मोकळ्या वस्त्या वसवल्या. त्याआधी देऊळ होतं आणि झाडी होती. इथं माझ्यातली मास्तरीण जागी झाली. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेनं बेंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. त्यांचा मुलगा एकोजी, म्हणजे शिवाजी महाराजांचा सावत्र भाऊ. त्यानं या मल्लेश्वराला १६६९ मध्ये गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. पुढं १६८७ मध्ये मोगलांनी बेंगळूर जिंकलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना तीन लाखांना विकून टाकलं. तीन लाख! भाची म्हणाली, "मावशी, आता तेवढ्यात इथं घराची अनामतसुद्धा होत नाही." पण मग ती थांबली. देवळाच्या पायरीवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे आपली माणसं आधीपासून येतात की इथं." तिला बरं वाटलेलं दिसलं. मी मुद्द्याचं बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

सोमवारी कार्तिकातला शेवटचा सोमवार. त्या दिवशी बसवनगुडीला दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी कडलेकायि परिशे भरते, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. पूर्वी तिथं शेंगांची शेती होती आणि एक बैल येऊन पीक खायचा. शेतकऱ्यांनी नंदीला पहिलं पीक वाहायचं कबूल केलं, अशी कथा सांगतात. ऑफिस सुटल्यावर ती थेट तिकडंच आली, मी नॅशनल कॉलेज स्टेशनवर तिची वाट बघत उभी होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग. ओल्या, भाजलेल्या, उकडलेल्या. पोत्यावर बसलेल्या एका बाईला हिनं विचारलं, "शेंगा ह्यांग कोट्री?" ती बाई म्हणाली, "शेंगा अल्ल, कडलेकायि अन्नम्मा." ही म्हणाली, "नम्म कडी शेंगानं अंतारी." आमच्याकडं शेंगाच म्हणतात. त्या बाईनं सेर भरून ओतला आणि वर एक मूठ आणखी टाकली, "तगो, निम्म शेंगा."

शेंगा घेऊन आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. टरफलं पदरात टाकत मी शब्द जुळवत होते. तिनंच सुरुवात केली.

"मावशी, आईनं तुला कशाला पाठवलंय ते मला ठाऊक आहे."

मी काही बोलले नाही.

"बेळगावात दोन ठिकाणी विचारून आलो मी. पगार निम्म्याहून कमी. तेही चालेल. महिन्यातला एक आठवडा घरून काम करू द्या म्हणून इथंही अर्ज दिलाय. अजून उत्तर नाही." ती शेंग फोडत राहिली. "बाबांना झालं त्या रात्री मी बसमध्ये होतो. रात्रभर. दर तासाला फोन लावायचा, आई उचलायची नाही. तिला तरी कुठं सुचत होतं? तेव्हा मी ठरवलंच होतं, आता परत जायचं नाही."

"मग?"

"मग बाबाच म्हणाले, जा."

मी तिच्याकडं बघत राहिले. दाजी? जून २०२३ मध्ये दोन दिवस न जेवलेले दाजी?

"आयसीयूतून बाहेर आणलं त्या दिवशी. आई औषधं आणायला खाली गेलेली. म्हणाले, माझ्यासाठी घरी बसलीस तर मी रोज तुझ्या तोंडाकडं बघून आजारी पडीन. नोकरी सोडू नकोस. आणि आईला सांगू नकोस मी असं म्हणालो म्हणून." तिनं नाक पुसलं. "आता मी काय करू, सांग. आई ये म्हणतेय, बाबा जा म्हणतात. दोघांचंही खरंय."

समोरून पिपाणी वाजवत पोरं चालली होती. बसवण्णाच्या देवळापुढची रांग हलत नव्हती. इतक्या वर्षांत वर्गात किती प्रश्नांची उत्तरं दिली, पण या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि ते तिला मी तसंच सांगितलं. ती म्हणाली, "बरं." उरलेल्या शेंगा तिनं ओढणीत बांधल्या, खोलीतल्या दोघींसाठी.

मंगळवारी दुपारच्या वंदे भारतनं परत आले. ही गाडी १० ऑगस्ट २०२५ ला सुरू झाली. बेळगावहून पहाटे निघते, दुपारी बेंगळूर, आणि तीच परत रात्री उशिरा बेळगाव. भाची म्हणते, "आमच्या उपयोगाची नाही, आम्हाला शुक्रवारी रात्रीचीच गाडी पाहिजे. ही आई-बाबांच्या सोयीची."

दुसऱ्या दिवशी अक्काकडं गेले. दाजी पडवीत पेपर वाचत होते. मी आत गेले तरी त्यांनी पेपर खाली घेतला नाही, पण पानही उलटलं नाही. अक्कानं चहा ठेवला. मला वाटलं आता विचारेल, येतेय का म्हणून. तिनं विचारलं, जेवणात ताक असतं का? रात्री खोलीचं दार कोण लावतं? केस गळतात म्हणत होती, तेल लावते का? मी एकेक सांगत गेले. पहिला डबा बायकांचा, एम.जी. रोडला येणारं ऊन, आठव्या क्रॉसवरची फूलवाली. फूलवालीचं का, ते सांगितलं नाही. पाण्याचं सांगितलं. हुबळीच्या व्यापाऱ्याचं सांगितलं तेव्हा अक्का हसली आणि पडवीतला पेपरही हलला. पायरीवरचं बोलणं मी माझ्याजवळच ठेवलं.

अक्का बराच वेळ गप्प होती. साठीला आलेली ही माझी बहीण एकटी कधी खडेबाजाराच्या पुढं गेली नाही. लग्नाआधी अण्णा बरोबर, लग्नानंतर दाजी. कप विसळून पालथा घालताना पाठमोरीच म्हणाली,

"काय गं, त्या शून्याच्या तिकिटाला आधार कार्ड ओरिजिनलच लागतं, की झेरॉक्स चालतं?"